तारेवरची पाल

इलेक्ट्रिक गिटारचा सूर उमटायच्या किंचित आधी एक बारीक ‘टक्’ होतो. पिक, म्हणजे तार छेडायचा छोटा तुकडा, तारेला लागल्याचा तो आवाज. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारी करामत, लावून दणदणीत वाजवणाऱ्यांना तो फारसा जाणवत नाही, कारण तिथे सगळंच दाबून एका पातळीवर आलेलं असतं. पण आवाजात काही न मिसळता, संथ लयीत एखाद्या अभंगाची चाल वाजवायला घ्या, म्हणजे प्रत्येक सुराआधी तो हजर. वाजवणाऱ्याचा कान त्याला लवकर सरावतो. बाहेरच्या माणसाचा सरावत नाही.

आमच्याकडे हा बाहेरचा कान सासूबाईंचा. मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत रात्री नऊनंतर रातकिडे सोडले तर फारसं कोणी बोलत नाही. अशा वेळी ओटीवर बसून मी एक चाल फोनवर रेकॉर्ड केली आणि त्यांना ऐकवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, “बरा वाजवलंस. पण मधी मधी ही पाल खंय चुकचुकता गो?”

पावसाळ्यात आमच्या भिंतींवर पालींना तोटा नसतो, म्हणून मी भिंतीकडे पाहिलं. त्या माझ्या उजव्या हाताकडे पाहत होत्या.

तेव्हापासून या पालीचा माग काढणं चालू आहे. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की त्यातली निम्मी पाल गिटारच्या सुरात नव्हतीच. घरात झोपलेली माणसं असतात म्हणून ॲम्प अगदी बारीक ठेवावा लागतो. सॉलिड बॉडी गिटारला पोकळ पोट नसलं तरी तिच्या तारा हवेत थोडाफार आवाज करतातच, आणि पिकची टकटक तर त्याहून स्पष्ट ऐकू येते. फोन मांडीपासून हातभर अंतरावर. त्याला ॲम्पमधला सूर जितका ऐकू येतो तितकीच हवेतून थेट येणारी टकटकही. तीच चाल केबलने ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे गिटार थेट संगणकात घेणाऱ्या डबीला, जोडून घेतली आणि ऐकली, तर चुकचुकणं बरंच उतरलं होतं. पिक, तारा, पिकअप (तारांची थरथर पकडणारं चुंबक), पेडल (आवाज बदलणारं पायाखालचं यंत्र) यांतलं काही बदलण्याआधी ही एवढी परीक्षा करून घ्यावी. नाहीतर खोलीतल्या आवाजावर उपाय म्हणून माणूस गिटारवर पैसे घालत राहतो.

केबलमधून घेताना एक निराळी अडचण येते. गिटारच्या ॲम्पमधला १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही बोलत नाही. त्याचं हे मुकेपण म्हणजेच आपल्या कानात बसलेला इलेक्ट्रिक गिटारचा आवाज. इंटरफेसमध्ये थेट घातलेली गिटार मात्र वरचं सगळं घेऊन येते, आणि टक् व खरखर यांचा मोठा वाटा त्या वरच्या भागातच असतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे तिच्या आवाजाचा ठसा, लावायचा, म्हणजे स्पीकरचा तो गुण परत मिळतो. तो न लावता इक्वलायझरशी झटापट करणं व्यर्थ.

उरलेली पाल खरी, आणि ती हातात असते.

पिकचा एक फटका म्हणजे एकच घटना असं आपण धरून चालतो. नीट ऐकलं तर त्यात निदान दोन आहेत. आधी पिक तारेला टेकतं. तार आधीच्या सुराने अजून थरथरत असते, ती त्या क्षणी गप्प होते आणि प्लास्टिकची कडक कड पोलादावर आपटते. हा टक्. मग पिक तारेला बाजूला ढकलतं, तार त्याच्या टोकावरून निसटते, आणि तिथे सूर जन्मतो. दोन्हींच्या मध्ये काही मिलिसेकंदांचं अंतर. ‘पिक अटॅक’ म्हणून आपण ज्याला एकत्र नावं ठेवतो त्यातला दुसरा भाग आपल्याला हवा असतो, पहिला नको असतो. जाड, गुंडाळीच्या तारांवर यात तिसरा आवाज मिसळतो. पिकची कड त्या वेटोळ्यांवरून घसरताना होणारी खरखर. आणि तारा फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, फार जवळ बसवलेल्या असतील तर जोराच्या फटक्यात तार फ्रेटवर आपटते तो चौथा. या चौघांना एकच औषध नाही, उलट एकाचं औषध दुसऱ्याला वाढवतं. सगळी गंमत तिथेच आहे.

पिक तारेला समांतर, सपाट धरलं तर खरखर जवळजवळ होत नाही, पण टक् मोठा होतो, कारण सगळी रुंदी एकदम आपटते. तेच थोडं तिरकं केलं, म्हणजे कडेने तारेवरून सरकू दिलं, तर टक् मऊ होतो आणि जाड तारांवर खरखर सुरू होते. त्यामुळे माझा हात आता खालच्या तीन बारीक तारांवर तिरका होतो आणि वरच्या जाड तारांवर आपोआप सपाट येतो. हे सांगायला एक वाक्य लागतं. अंगवळणी पडायला काय लागतं ते प्रत्येकाने स्वतः पाहावं. याहून सोपा आणि लगेच फळ देणारा उपाय म्हणजे पिकचं टोक तारेत कमी बुडवणं. दोन मिलिमीटर पुरतात. बहुतेक जण तारेच्या पार खाली खणत असतात, आणि पिक जितकं खोल तितका निसटण्याला वेळ जास्त व आपटणं जास्त. हात हलका ठेवून ॲम्प थोडा वाढवावा, सूर तोच मिळतो आणि टक् मागे राहतो.

आता खुद्द पिक. इथल्या वाद्यांच्या दुकानांत पेट्या, पखवाज आणि झांजांच्या मागे कुठेतरी पिक्सची एक डबी असते, आणि तीत बहुधा पातळ, लवलवती पिक्स. नवख्याला वाटतं पातळ म्हणजे मऊ, मऊ म्हणजे आवाज कमी. घडतं उलटंच. पातळ पिक वाकतं, तारेवरून सुटताना फटकन सरळ होतं, आणि त्या फटकन होण्याचाही एक स्वतःचा आवाज असतो. जाड पिक वाकत नाही, तार त्याच्यावरून शांतपणे घसरून जाते. डनलॉपच्या टॉर्टेक्स पिक्सचे रंग गिटारवाल्यांना पाठ असतात: लाल ०.५० मिलिमीटर, नारिंगी ०.६०, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १.०, जांभळं १.१४. मी पिवळ्यावरून जांभळ्यावर गेले आणि फरक पहिल्या ओळीतच कळला. पण जाडीपेक्षाही कड महत्त्वाची. टोकदार, कापल्यासारखी धार असलेलं जाड पिक पातळ पिकपेक्षाही वाईट टकटकतं. टोक गोल हवं, कड दोन्ही बाजूंनी उतरती आणि गुळगुळीत हवी. वापरलेल्या पिकच्या कडेवरून नख फिरवून बघा. लागणारा प्रत्येक बारीक ओरखडा तारेवर ऐकू येतो. बारीक पॉलिश पेपरवर घासून शेवटी जीन्सच्या कापडावर रगडलं की तेच पिक नवं होतं.

टॉर्टेक्स हे नावच कासवाची आठवण ठेवून आहे. जुन्या काळी उत्तम पिक हॉक्सबिल कासवाच्या कवचाचं मानलं जाई. त्याची कड न ओरखडता झिजते आणि तारेवर कोरडी खरखर करत नाही, अशी त्याची ख्याती. १९७०च्या दशकात आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि १९८१मध्ये टॉर्टेक्स बाजारात आलं. आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले. वेळासला दरवर्षी लोक पहाटे उठून त्याची पिल्लं समुद्रात जाताना बघायला जमतात. त्या गर्दीत उभं राहून कोणी कासवाच्या कवचाच्या पिकचं कौतुक करून दाखवावं! सागरी कासवं भारतात कायद्याने संरक्षित आहेत, तो प्रश्नच मिटला.

पण कवच नाही तर करवंटी आहे, आणि ती आमच्या मागच्या पडवीत ढिगाने पडलेली असते. सरोदवादक पिढ्यान् पिढ्या तार छेडायला नारळाच्या करवंटीचा जवा वापरत आले आहेत. पोलादी तारांवर, आणि काय गोड आवाजात! तेव्हा आपणही करून बघावा म्हणून एक जाड करवंटी निवडली, कोयत्याने तुकडा काढला, कानशीने आकार दिला, मग ४००, ८०० आणि १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासत नेली, वरून खोबरेल तेलाचा हात. करवंटीला मुळातच बाक असतो, त्यामुळे अंगठा तिच्यात बरोबर बसतो. साधारण २ मिलिमीटर जाडीला आणल्यावर जो सूर आला तो मला कुठल्याही विकतच्या पिकमधून आलेला नाही. टक् गेला नव्हता, पण खाली उतरला होता, लाकडावर बोट वाजवावं तसा झाला होता.

मात्र गुंडाळीच्या तारा म्हणजे करवंटीला कानसच. चार-सहा चाली वाजवून होतात तोवर कड उसवते, करवंटीचे रेषे मोकळे होतात आणि खरखर परत येते. सरोदवादकही आपला जवा घासून नीट करत असतात, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही. गिटारच्या पेटीत पॉलिश पेपरचा तुकडा ठेवायचा. सासूबाईंना हे सगळं फार पसंत पडलं. करवंटीचा उपयोग डाव आणि चूल एवढाच त्यांना ठाऊक होता.

तारांचं दुखणं कोकणात वेगळंच आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तो नसेल तेव्हा खारी हवा. साध्या निकेलच्या तारा जूनमध्ये चढवल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांच्यावर गंज धरलेला. गंजलेल्या तारेवर पिक फिरवणं म्हणजे खरखरीला आमंत्रण, आणि त्याचा दोष आपण हाताला देत बसतो. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसणं हा सर्वांत स्वस्त इलाज. पूर्वी कपाटात पिवळा दिवा लावून कपडे आणि कॅमेरे कोरडे ठेवत, गिटारलाही तो मानवतो. आता तसले दिवे शोधावे लागतात. पातळ लेप दिलेल्या तारा महाग असतात पण पावसाळा काढतात, आणि त्यांच्यावर बोटांची व पिकची करकर मुळातच थोडी कमी असते.

खरखरीचा समूळ उपाय म्हणजे फ्लॅटवाउंड तारा. त्यांत गोल तारेऐवजी चपट्या पट्टीची गुंडाळी असते, हात फिरवला तर काचेसारखी लागते. जॅझवाल्यांचा तो मऊ, जरा झाकलेला सूर पुष्कळसा या तारांचा. माझ्याकडे एक संच आहे. जाड असल्यामुळे मान जास्त ताणली जाते, मानेच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई, ट्रस रॉड, फिरवून घ्यावी लागते, आणि मींड ओढायची म्हटलं तर बोटांचे हाल. अभंगाची चाल मींडेशिवाय वाजवायची तर पेटीच काय वाईट? मी त्या उतरवून ठेवल्या आहेत.

त्यापेक्षा हात कुठे पडतो याला जास्त किंमत आहे. ब्रिजजवळ, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे, छेडलेली तार कडक बोलते, मानेकडे छेडलेली गोल. यामागे साधा हिशेब आहे. तार तिच्या लांबीच्या एक चतुर्थांशावर छेडली तर चौथा, आठवा असे उपस्वर (मूळ सुराच्या चौपट, आठपट कंपनांचे) उठतच नाहीत, मधोमध छेडली तर सगळे सम उपस्वर गळतात. मोकळ्या तारेचा चतुर्थांश म्हणजे चोविसावा फ्रेट जिथे असता ती जागा, बहुतेक गिटारींवर मानेकडच्या पिकअपच्या आसपास. तिथे वाजवायचं आणि पिकअपही तोच निवडायचा. पिकअप तारांच्या फार जवळ वर आलेला असेल तर दोन स्क्रू सैल करून किंचित खाली घ्यायचा, कारण जवळचा पिकअप फटक्याचा उसळा जास्त आणि पुढचा सूर कमी पकडतो. मग टोनचा नॉब. लोक त्याला हात लावत नाहीत, दहावर ठेवून जन्म काढतात. तो सात-सहावर आणला की आत बसलेला छोटा कपॅसिटर, ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा, वरचा भाग जमिनीत सोडून देतो आणि टक्चं टोक मोडतं. एवढं फुकट मिळत असताना पेडल विकत घेणारे मला कळत नाहीत.

यंत्रांबद्दल थोडंच. टक् कमी करायला कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं यंत्र, लावा असं सांगतात आणि पुष्कळांचा टक् त्याने वाढतो. कॉम्प्रेसरचा अटॅक, म्हणजे दाबायला सुरुवात करायला तो घेतो तो वेळ, ३० मिलिसेकंदांवर ठेवला असेल तर टक् तोवर दारातून निघून गेलेला असतो आणि दाबला जातो तो मागचा सूर. अटॅक १ मिलिसेकंदाच्या आसपास हवा. इक्वलायझरने अडीच ते चार किलोहर्ट्झमध्ये थोडं कापावं, दोन-तीन डेसिबल. जास्त कापलं की गिटार गोधडीत तोंड घालून बोलू लागते.

आणि शेवटी पिकच टाकून देण्याचा मार्ग. अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) नुसत्या अंगठ्याने वाजवत. रात्रीच्या रियाझाचा शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून ही सवय लागली असं सांगतात, म्हणजे आमच्या ओटीवरची परिस्थिती काही नवी नाही. आपल्याकडे तर याहून जवळचं उदाहरण आहे. मुंबई-गोवा महामार्ग जिथे सुरू होतो त्या पनवेलजवळच्या पळस्प्याला रुद्रवीणेचे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांचं गुरुकुल आहे. गणपतीला गावी येणारे चाकरमानी त्या फाट्यावरून जातात आणि वाहतूक कोंडीला शिव्या देतात, आत काय घडून गेलं ते बहुतेकांना माहीत नसतं. वीणेवर बोटात तारेची मिजराब घालून वाजवण्याची रीत असताना डागरसाहेबांनी ती काढून ठेवली आणि उघड्या बोटांनी वाजवलं. वीणेचे भोपळे मोठे केले, तारा जाड केल्या. त्यांच्या आलापाच्या ध्वनिमुद्रणांत सूर कुठे सुरू झाला ते नेमकं सांगता येत नाही, तो आधीपासून होता आणि आपल्याला आत्ता ऐकू आला असं वाटतं.

मला असा सूर हवा होता. करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर ठेवायची, नॉब बंद असताना तार छेडायची आणि मग हळूहळू उघडायचा, म्हणजे टक् अंधारातच उरकतो आणि सूर गजाने काढल्यासारखा फुलतो. अंगठा, टोन चारवर, हे असं फुलवणं. घरी हेडफोनमध्ये सासूबाईंनी पसंतीची मान डोलावली. तेच घेऊन मी भजनाला गेले.

आमच्या वाडीच्या मंडळात पेटी, पखवाज, झांजा, चकवा आणि वरून वीस-पंचवीस गळे. (मंडळात बाई, तीही गिटार घेऊन, हा विषय आता जुना झाला. पहिल्या वर्षी मात्र उसळीच्या वाटीबरोबर तोंडी लावायला तोच होता.) गजर रंगला, पखवाज चढला, आणि मी मन लावून फुलवत होते. अभंग संपल्यावर बुवा पेटीवरून वळून म्हणाले, “बाय, तू वाजवतंस काय नुसती धरून बसलंस?”

बुवांचं म्हणणं कानाच्या दृष्टीने अचूक होतं. सूर कुठून आला, कोणत्या वाद्याचा, कधी सुरू झाला, हे कान मुख्यतः त्या पहिल्या काही मिलिसेकंदांवरून ओळखतो. १९४८च्या सुमारास पॅरिसमध्ये संगीतकार पिएर शेफेर यांनी घंटेच्या ध्वनिमुद्रणातला आरंभीचा ठोका कापून टाकला, आणि उरलेला नाद घंटेचा वाटेना. माझ्या गिटारचं तेच झालं होतं. ठोका काढलेला तिचा सूर पेटीच्या लांब सुरात विरघळला, वरचा भाग झांजांनी खाल्ला, आणि मी खरोखरच नुसती धरून बसले होते.

म्हणजे घरातली पाल देवळात गिटारचं नाव सांगणारी होती. तेव्हापासून भजनाला जाताना मी हिरवं ०.८८ नेते, ब्रिज आणि मानेचा पिकअप दोन्ही चालू, टोन आठवर, आणि पखवाजाच्या समेवर हात जरा सपाट टाकते. त्या गदारोळात टक् वेगळा ऐकू येत नाही, तो पखवाजाच्या थापेत मिसळून जातो. ध्वनिक्षेपकवाल्याच्या हॉर्नमधून तो कधी बोचलाच तर मी नॉब एक घर खाली घेते. घरी रेकॉर्डिंगला करवंटी. अंगठा फक्त विलंबित चालीला, आणि तोही पेटी नसेल तेव्हा.

हे सगळं मी परवा कौतुकाने पुतण्याला सांगत होते. तो कुडाळला कॉलेजात आहे आणि त्याचा मेटलचा बँड आहे. तळहाताने तारा दाबून धडधड वाजवायचं तर त्याला प्रत्येक फटक्याचं टोक हवं असतं, नाहीतर दोन गिटार, बास आणि डबल बेस ड्रमच्या चिखलात काही कळत नाही. त्याचं ऐकण्याकडे लक्ष कमी आणि माझ्या डबीकडे जास्त. नको म्हणून बाजूला काढलेलं, दीड मिलिमीटरचं, सुईसारख्या टोकाचं एक काळं पिक त्याने उचललं आणि तारेवर एकदा ओढून पाहिलं. “काकी, ह्या टाकून देव नको, माका दी,” म्हणाला. मग कॉम्प्रेसरचे आकडे फोनमध्ये टिपून घेतले. अटॅकचा तेवढा उलटा फिरवून बघणार आहे.